रानअळंब्यांतील औषधी द्रव्ये : लाभ आणि मर्यादा

मृगाच्या सरींनी जमीन भिजून आषाढाची दमट हवा सुरू झाली, म्हणजे कोकणात व सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर वारुळांच्या आसपास, शेतांच्या बांधांवर, कुजक्या ओंडक्यांवर आणि जुन्या झाडांच्या बुंध्यांशी अळंबी उगवू लागतात. काही ठिकाणी लोक त्यांस भूछत्रे म्हणतात, काही ठिकाणी कुत्र्याच्या छत्र्या म्हणून ती पायाने उडवून देतात, तर काही ठिकाणी त्यांची भाजी हा पावसाळ्यातील मोठाच मेवा मानला जातो. गेल्या काही वर्षांत मात्र रानअळंब्यांविषयी निराळेच कुतूहल उत्पन्न झाले आहे. अळंब्यांनी मधुमेह जातो, कर्करोग बरा होतो, रोगप्रतिकारशक्ती वाढते, असे सांगणाऱ्या जाहिराती मोबाईलवरून खेडोपाडी पोहोचल्या आहेत. भुकटीच्या डब्या चढ्या दराने विकल्या जात आहेत. "आमच्या रानात उगवणारे अळंबे औषधी आहे काय? त्याला बाजार मिळेल काय?" असे प्रश्न शेतकरी कृषी कार्यालयात येऊन विचारू लागले आहेत.

ह्या प्रश्नांचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. अळंब्यांत औषधी द्रव्ये असतात, ही गोष्ट निःसंशय खरी आहे. त्यांपैकी काही द्रव्यांपासून तयार झालेली औषधे जगभर वापरली गेली आहेत. काहींचा उपयोग तर आपले द्राक्षबागाईतदार व कुक्कुटपालक, ते अळंब्यांपासून आले आहे हे ठाऊक नसतानाही करीत असतात. परंतु औषधी गुण असतो तो द्रव्याचा. रानातून भरून आणलेल्या टोपलीचा नव्हे. हे द्रव्य कोणत्या जातीच्या अळंब्यात आहे, ते किती प्रमाणात आहे, आणि ते शरीरात कोणत्या मार्गाने व किती मात्रेने द्यावयाचे, ह्या तीन गोष्टी निश्चित झाल्यावाचून अळंब्यास औषध म्हणणे धोक्याचे असते. हा मुद्दा काही उदाहरणांनी स्पष्ट करण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

अळंबी औषधी द्रव्ये का तयार करतात?

अळंबे ही वनस्पती नाही. ते कवकाचे, म्हणजे बुरशीच्या वर्गातील जीवाचे, फळ होय. आंब्याच्या झाडास जसा आंबा, तसे ह्या कवकास अळंबे. त्याचे खरे शरीर म्हणजे कापसाच्या धाग्यांसारखे बारीक तंतूंचे जाळे. ते जमिनीत, लाकडात किंवा पालापाचोळ्यात वर्षभर दडलेले असते. ह्या जीवास हरितद्रव्य नसल्यामुळे त्यास आपले अन्न स्वतः तयार करता येत नाही. कुजणाऱ्या पदार्थांवर किंवा जिवंत झाडांवर त्यास निर्वाह करावा लागतो.

त्याच अन्नावर जिवाणू, इतर बुरशी, सूत्रकृमी व किडी ह्यांचाही डोळा असतो. कवकास पळून जाता येत नाही, काटे नाहीत, साल नाही. म्हणून ते रासायनिक द्रव्यांच्या साह्याने आपला बचाव करते. काही द्रव्ये जिवाणूंची वाढ थांबवितात, काही शेजारच्या बुरशीस मारतात, काही खाणाऱ्या प्राण्यास विषबाधा करतात. ह्यांनाच शास्त्रज्ञ जैवक्रियाशील द्रव्ये म्हणतात. ही द्रव्ये कवकाने माणसाच्या हितासाठी घडविलेली नसतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. औषध आणि विष ही दोन्ही ह्या एकाच मुळातून निघालेली आहेत.

पाईनच्या फळावरील अळंबे आणि आपली द्राक्षबाग

आपला शेतकरी फवारणीच्या द्रव्यासही औषधच म्हणतो. तेव्हा पहिले उदाहरण पिकांच्या औषधाचे घेऊ. युरोपातील पाईन वृक्षांच्या जंगलात, जमिनीत गाडल्या गेलेल्या पाईनच्या शंकूसारख्या फळांवर एक लहानसे तपकिरी अळंबे उगवते. त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रोबिल्युरस टेनासेलस. एवढ्याशा फळावर आपला ताबा टिकविण्यासाठी हे कवक असे एक द्रव्य स्रवते की, शेजारी दुसरी बुरशी वाढू शकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ अंके व श्टेग्लिख आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७७ साली हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले आणि त्यास स्ट्रोबिल्युरिन असे नाव दिले. बुरशीच्या पेशीतील श्वसनक्रिया हे द्रव्य बंद पाडते. पेशीस शक्ती मिळेनाशी होऊन बुरशी मरते.

परंतु जंगलातील मूळ द्रव्य शेतात निरुपयोगी ठरले, कारण सूर्यप्रकाशात ते लवकर नष्ट होत असे. इंग्लंड व जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत फेरफार करून कित्येक नवी द्रव्ये बनविली, त्यांच्या चाचण्या घेतल्या, आणि १९९६ साली ॲझॉक्सीस्ट्रोबिन व क्रेसॉक्झिम-मिथाइल ही कवकनाशके बाजारात आली. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत केवडा व भुरी ह्या रोगांवर वापरली जाणारी ॲझॉक्सीस्ट्रोबिनसारखी कवकनाशके ह्याच कुळातील होत. रानातील एका अळंब्यापासून बागेतील फवाऱ्यापर्यंतच्या ह्या प्रवासास सुमारे २० वर्षे लागली.

ह्या कवकनाशकाचा मर्मावर घाव घालण्याचा प्रकार एकच असल्यामुळे रोगकारक बुरशीस त्याची सवय लवकर जडते. जर्मनीत गव्हावरील भुरीच्या बुरशीत असा प्रतिकार १९९८ मध्येच, म्हणजे विक्री सुरू झाल्यावर दोन वर्षांत, दिसून आला. म्हणून ह्या गटातील औषध लागोपाठ फवारू नये; हंगामातील फवारण्या मोजक्या ठेवून दुसऱ्या गटातील कवकनाशकाशी आलटूनपालटून वापर करावा. निसर्गातून आलेले औषधदेखील बेसुमार वापराने निकामी होते, हा धडा ह्यातून घ्यावयाचा आहे.

कोंबड्यांच्या रोगावरील औषध

दुसरे उदाहरण पशुवैद्यकातील आहे. १९५१ साली न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातील कॅव्हना, हर्व्ही व रॉबिन्स ह्या संशोधकांनी प्ल्युरोटस म्युटिलस ह्या अळंब्याच्या कवकापासून एक प्रतिजैविक मिळविले व त्यास प्ल्युरोम्युटिलिन म्हटले. जिवाणूंच्या पेशीत प्रथिने ज्या ठिकाणी घडविली जातात, त्या ठिकाणी हे द्रव्य चिकटते व ते काम बंद पाडते. त्यात सुधारणा करून टायाम्युलिन हे जनावरांचे औषध तयार झाले. डुकरांच्या रोगांवर आणि कोंबड्यांच्या मायकोप्लाझ्मामुळे होणाऱ्या जुनाट श्वसनरोगावर ते दिले जाते.

कुक्कुटपालकांनी येथे एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. रक्ती हगवणीच्या प्रतिबंधासाठी कोंबडीखाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन ही द्रव्ये मिसळलेली असतात. असे खाद्य चालू असताना टायाम्युलिन दिल्यास त्या द्रव्यांचा निचरा यकृतातून होत नाही. ती अंगात साठून पक्ष्यांचे पाय लुळे पडतात व ते मरतात. दोन्ही औषधे आपापल्या जागी चांगली असली तरी एकत्र दिली असता ती विषासमान ठरतात. पशुवैद्यकास खाद्याच्या पोत्यावरील चिठ्ठी दाखविल्याशिवाय हे औषध देऊ नये.

माणसांसाठी मात्र ह्या कुळातील औषध तयार होण्यास फार काळ लागला. त्वचेवर लावण्याचे रेटापाम्युलिन हे मलम २००७ साली मान्य झाले, आणि फुफ्फुसदाहावर पोटातून किंवा शिरेतून देण्याच्या लेफाम्युलिन ह्या औषधास अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. १९५१ ते २०१९ ही ६८ वर्षे होतात. एखाद्या अळंब्यात जिवाणूनाशक द्रव्य सापडले म्हणजे ते अळंबे उद्यापासून औषध म्हणून खावे, असे म्हणणारास ह्या कालावधीची आठवण द्यावी.

जपानमधील अनुभव

कर्करोगासंबंधीच्या जाहिरातींत जपानचे नाव वारंवार येते. त्यामागील खरी हकीकत अशी आहे. शिताके हे अळंबे जपानात लाकडी ओंडक्यांवर पुष्कळ काळापासून पिकविले जाते. टोकियो येथील राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या संशोधन संस्थेतील गोरो चिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली शिताकेपासून लेंटिनान हे द्रव्य वेगळे केले. ते बीटा-ग्लुकान ह्या प्रकारचे, म्हणजे साखरेच्या असंख्य कणांची साखळी असलेले द्रव्य आहे. उंदरांमधील गाठींची वाढ त्याने थांबल्याचे दिसून आले. हे द्रव्य कर्करोगाच्या पेशींस स्वतः मारत नाही. शरीरातील संरक्षक पेशींस ते चेतविते. १९८५ साली जपानमध्ये जठराच्या कर्करोगासाठी त्याच्या वापरास मान्यता मिळाली. त्यापूर्वी १९७७ साली, वठलेल्या लाकडावर पंख्यासारख्या थरांनी उगवणाऱ्या ट्रॅमीटीज व्हर्सिकलर ह्या कवकापासून काढलेल्या क्रेस्टिन नावाच्या औषधासही तेथे मान्यता देण्यात आली होती.

ह्या हकीकतीतील दोन गोष्टी जाहिरातींत सांगितल्या जात नाहीत. पहिली अशी की, ही औषधे कर्करोगावरील नेहमीच्या उपचारांच्या जोडीने द्यावयाची होती, त्यांच्याऐवजी नव्हे. दुसरी अशी की, लेंटिनान हे शुद्ध करून शिरेतून टोचले जात असे. भाजी खाल्ल्याने ते तसेच्या तसे रक्तात जात नाही. इतकेच नव्हे, तर कच्चे किंवा अर्धेकच्चे शिताके खाल्ल्याने काही माणसांच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात. जपानमध्ये १९७७ साली ह्या विकाराचे वर्णन करण्यात आले आणि त्याचा संबंध लेंटिनानशीच जोडला जातो. चांगले शिजविलेल्या शिताकेपासून असा त्रास सहसा होत नाही. तेच द्रव्य एका मार्गाने औषध ठरते, तर दुसऱ्या मार्गाने त्रासदायक होते.

फणसोंबा आणि गॅनोडर्मा

आता आपल्या भागाकडे वळू. पश्चिम घाटात जुन्या फणसाच्या खोडावर खुरासारखे, लाकडाइतके टणक व तपकिरी रंगाचे कवक उगवते. त्यास फणसोंबा किंवा फणस-अळंबे म्हणतात. लहान मुलांची लाळ फार गळत असल्यास अथवा तोंड आले असल्यास ते सहाणेवर उगाळून हिरड्यांस लावण्याची जुनी चाल आहे. महाराष्ट्रातील कवकशास्त्रज्ञांनी ह्या चालीची नोंद घेऊन अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की, फणसोंबा ह्या एकाच नावाखाली फेलिनस वंशातील निरनिराळ्या जाती वापरल्या जातात. फेलिनस वंशातील कवकांत हिस्पिडिनसारखी फिनॉल वर्गातील द्रव्ये असून, प्रयोगशाळेतील चाचण्यांत त्यांचे ऑक्सिडीकरणरोधक गुण दिसले आहेत. परंपरागत ज्ञान टाकाऊ नसते, हे ह्यावरून दिसते. परंतु नाव एक व जाती अनेक असल्यास एका घरी आलेला गुण दुसऱ्या घरी येईलच असे सांगता येत नाही, हेही तितकेच खरे. शिवाय, खोडावर फणसोंबा दिसला म्हणजे आतील लाकूड कुजू लागले आहे असे समजावे, आणि घराजवळील किंवा गोठ्याजवळील झाड असल्यास त्याच्या जड फांद्या वेळीच उतरवाव्यात.

लाखेचा लेप दिल्यासारखे चकचकीत, तांबूस-तपकिरी अळंबे पुष्कळ शेतकऱ्यांनी जुन्या झाडांच्या बुंध्याशी पाहिले असेल. हे गॅनोडर्मा होय. नारळबागाईतदारांस तो शत्रू म्हणून परिचित आहे, कारण ह्याच वंशातील कवकांमुळे नारळाच्या बुंध्याची कूज म्हणजे 'तंजावर मर' हा रोग होतो. चीनमध्ये मात्र लिंगझी ह्या नावाने गॅनोडर्माला औषधांत शतकानुशतके मानाचे स्थान आहे. १९८२ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्यातून गॅनोडेरिक आम्ले ही कडू द्रव्ये वेगळी केली. तेव्हापासून अशी शंभराहून अधिक द्रव्ये त्यात सापडली आहेत.

आज बाजारात सर्वांत जास्त गाजावाजा ह्याच अळंब्याचा आहे. म्हणून त्याविषयी झालेल्या मानवी चाचण्यांचे निष्कर्ष पाहणे अगत्याचे आहे. वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने कर्करोगासंबंधी २०१२ साली व पुन्हा २०१६ साली आढावा घेतला. कर्करोगाचा मुख्य उपचार म्हणून गॅनोडर्मा वापरण्यास पुरेसा आधार नाही. नेहमीच्या उपचारांस पूरक म्हणून फार तर त्याचा विचार करता येईल, असा त्याचा निष्कर्ष होता. मधुमेही रुग्णांतील हृदयविकाराच्या कारणांवर त्याचा उपयोग होतो, ह्यासही २०१५ सालच्या आढाव्यात आधार मिळाला नाही. उलट, गॅनोडर्माची भुकटी घेतल्यावर यकृतास इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी तर ती डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच घेऊ नये.

येथेही जातीचा प्रश्न आहेच. आशियात औषध म्हणून पिकविले जाणारे गॅनोडर्मा पुष्कळ काळ गॅनोडर्मा ल्युसिडम ह्या युरोपीय जातीच्या नावाने ओळखले जात होते. ती जात निराळी असल्याचे लक्षात आल्यावर २०१२ साली तिला गॅनोडर्मा लिंगझी हे नवे नाव देण्यात आले. मग आपल्या आंब्याच्या बुंध्याशी उगवलेले गॅनोडर्मा म्हणजे चीनमधील लिंगझीच, असे गृहीत कसे धरावे?

कुंडीतील प्रयोग आणि शेतातील पीक

एखादे नवे वाण कुंडीत जोमदार वाढले, एवढ्यावरून कृषी खाते त्याची शिफारस करीत नाही. संशोधन केंद्रावरील वाफे, अनेक ठिकाणच्या चाचण्या, शेतकऱ्यांच्या शेतातील प्रात्यक्षिके, असे टप्पे पार पडल्यावरच शिफारस होते. औषधाचेही तसेच आहे. काचेच्या नळीतील पेशी, नंतर उंदीर, नंतर थोडी माणसे, नंतर पुष्कळ माणसे, असा तो क्रम असतो. रानअळंब्यांविषयीचे बहुसंख्य दावे अजून पहिल्या एकदोन पायऱ्यांवर आहेत.

उदाहरणार्थ, आपल्या वारुळांवर उगवणाऱ्या रुचकर अळंब्यांचा वंश टर्मिटोमायसीज होय. वाळवी वारुळात ह्या कवकाची जणू शेतीच करते. वाळवीच्या कवकबागेपासून लांब मुळासारखा दांडा काढून अळंबे जमिनीवर येते. ह्या वंशातील एका आशियाई जातीपासून जपानी संशोधकांनी २००० साली काही द्रव्ये मिळविली. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींना त्यांच्या योगाने मज्जातंतूंसारखे धुमारे फुटले. हा शोध मोलाचा आहे. परंतु तो कुंडीतील प्रयोग होय. वारुळावरील अळंब्यांची भाजी खाऊन स्मरणशक्ती वाढते, असे त्यावरून म्हणता येत नाही. भाजी खावी ती चवीसाठी व पोषणासाठी.

विषारी अळंब्यांचा धोका

आता ह्या विषयाची दुसरी बाजू पाहू. ॲमॅनिटा वंशातील काही अळंब्यांत ॲमॅनिटिन नावाचे विष असते. पेशींमध्ये प्रथिने घडविण्याचा जो आदेश निघावयाचा, तोच हे विष थांबविते, आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. शरीराच्या दर किलो वजनास सुमारे ०.१ मिलिग्रॅम एवढी मात्रा प्राणघातक ठरू शकते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास सुमारे ६ मिलिग्रॅम. आणि एवढे विष मध्यम आकाराच्या एकाच अळंब्यात असू शकते. शिजविल्याने, वाळविल्याने किंवा गोठविल्याने ते नाहीसे होत नाही.

ह्या विषाची चाल फसवी आहे. खाल्ल्यावर ६ ते २४ तास काहीच होत नाही. नंतर उलट्या, जुलाब व पोटात कळा सुरू होतात. एकदोन दिवसांनी रोग्यास बरे वाटू लागते, घरची माणसे निर्धास्त होतात. पण आतून यकृताचा नाश चालूच असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ होऊन प्रकृती एकाएकी ढासळते. आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानअळंबी खाऊन १३ जण दगावले. त्यांतील बरेचसे चहाच्या मळ्यांतील कुटुंबांतले होते. पिढ्यानपिढ्या रानभाज्या खाणाऱ्या लोकांतही अशी चूक घडते.

विष ओळखण्याच्या म्हणून ज्या कसोट्या खेडोपाडी सांगितल्या जातात, त्यांतील एकही भरवशाची नाही. चांदीचे नाणे काळे पडणे, शिजताना लसूण काळा होणे किंवा तांदळाचा रंग बदलणे ह्यांचा ॲमॅनिटिनशी काही संबंध नाही. किडीने खाल्लेले किंवा जनावराने चाखलेले अळंबे माणसास सुरक्षित असते, हाही गैरसमज होय. चवीवरूनही कळत नाही; विषबाधेतून वाचलेल्या कित्येकांनी ती भाजी रुचकर लागल्याचे सांगितले आहे. पावसाळ्यात हिरवळीवर व कुरणांत उगवणारे क्लोरोफायलम हे मोठे पांढरे अळंबे कोवळेपणी खाद्य अळंब्यांसारखेच दिसते. पक्व झाल्यावर त्याच्या छत्रीखालच्या पापुद्र्यांना हिरवट रंग येतो. ते सहसा प्राणघातक नसले, तरी काही तासांतच जबर उलट्या व जुलाब करते.

विशेष असे की, ह्याच ॲमॅनिटिनचा उपयोग कर्करोगावर होतो काय, हे शास्त्रज्ञ पाहत आहेत. विषाचा सूक्ष्म अंश विशिष्ट प्रतिपिंडास जोडून तो केवळ रोगट पेशीत पोहोचवावयाचा, अशी ही युक्ती असून, रक्ताच्या एका कर्करोगावर तिच्या मानवी चाचण्या २०२२ साली सुरू झाल्या. विष तेच आहे. मात्र त्याची मात्रा व त्याचा मार्ग शास्त्राने बांधून दिला आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. जी जात घरातील जाणत्या माणसास खात्रीने ओळखता येते, तीच खावी. थोडीही शंका असल्यास ते अळंबे टाकून द्यावे. परक्या मुलखात गेल्यावर आपल्या गावचे ज्ञान तेथे लागू करू नये. दिसावयास सारखी असणारी अळंबी तेथे विषारी असू शकतात.

२. रस्त्याच्या कडेची, कारखान्यांच्या आसपासची व फवारणी झालेल्या बागेतील अळंबी खाऊ नयेत. कवके जमिनीतील शिसे, कॅडमियम व पारा शोषून साठवितात.

३. वारुळावरील अळंबी काढताना वारूळ खणू नये व कोवळ्या कळ्या सरसकट उपटू नयेत. टर्मिटोमायसीजची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही. वारूळ मोडले की पुढच्या वर्षीचे पीक गेले.

४. अळंबी खाल्ल्यावर कोणास त्रास झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली असेल त्या सर्वांस, त्रास होत नसला तरी, बरोबर न्यावे. उरलेली अळंबी किंवा भाजी कागदात गुंडाळून न्यावी आणि खाल्ल्याची वेळ डॉक्टरांना सांगावी. मध्येच बरे वाटले म्हणून रोग्यास घरी आणू नये.

५. मधुमेह, रक्तदाब, क्षय किंवा कर्करोग ह्यांवरील चालू औषध अळंब्यांच्या भुकटीच्या भरवशावर कदापि बंद करू नये. अशी भुकटी घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये.

६. अळंब्यांची भुकटी तयार करून विकणाऱ्या शेतकऱ्यांनी व बचतगटांनी डबीवर रोग बरा करण्याचे दावे छापू नयेत. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग इत्यादी रोग बरे करण्याच्या जाहिरातींस मनाई आहे.

७. रानात अनोळखी अळंबे आढळले व त्याविषयी माहिती हवी असल्यास ते न खाता त्याचे छायाचित्र घ्यावे, ते कोणत्या झाडावर वा जमिनीवर उगवले ते टिपून ठेवावे, आणि नमुना वाळवून कृषी महाविद्यालयातील वनस्पतिरोगशास्त्र विभागाकडे द्यावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संग्रह असून तेथे कवकांची शास्त्रीय ओळख पटविण्याचे काम चालते.

८. फणसोंब्यासारख्या परंपरागत वापराची माहिती गावातील वृद्धांकडून मिळवून जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी ठेवावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत लिहवून घ्यावी. उद्याच्या संशोधनास तोच धागा उपयोगी पडेल, आणि त्या ज्ञानावरील गावाचा हक्कही नोंदला जाईल.

उत्पन्नाचा मार्ग

ज्यांस अळंब्यांपासून उत्पन्न मिळवावयाचे आहे, त्यांनी रानावर विसंबू नये. भाताचा पेंढा, गव्हाचे काड व सोयाबीनचा भुसा ह्यांवर धिंगरी अळंबी चांगली येतात. ही जातदेखील एके काळी रानअळंबेच होती. रानातून आणून, तपासून, तिच्या लागवडीची पद्धत बसविली गेली म्हणून ती आज घराघरांत निर्धास्तपणे शिजते. वाळलेल्या धिंगरीत प्रथिने भरपूर असतात आणि बीटा-ग्लुकानयुक्त तंतूही असतात. ताज्या अळंब्यांचे काप करून ते दुपारच्या उन्हात पाव ते एक तास ठेवले, तर त्यांतील अर्गोस्टेरॉल ह्या द्रव्याचे ड जीवनसत्त्वात रूपांतर होते. एवढा लाभ शास्त्राने सिद्ध झालेला असून त्यासाठी महागड्या डबीची गरज नाही.

गॅनोडर्माची लागवडही लाकडाच्या भुश्यावर करता येते व तिचे तंत्र सोलन येथील अळंबी संशोधन संचालनालयाने बसविले आहे. परंतु ग्राहक व दर ह्यांची लेखी निश्चिती केल्यावाचून तीत भांडवल गुंतवू नये. बियाणे देणाऱ्याने माल परत घेण्याचे केवळ तोंडी आश्वासन दिले असेल, तर त्यावर विसंबू नये. धिंगरी लागवडीच्या प्रशिक्षणासाठी आपल्या तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करावी.